जुन्या गाडीचं इंजिन धुताना: आधी फोटो, मग ब्रश

दसरा तोंडावर आलाय. आता यवतमाळपासून उमरखेडपर्यंत जिथे जिथे वॉशिंग सेंटर आहे, तिथे तिथे रांग लागणार. ट्रॅक्टर, बोलेरो, जुन्या काळी-पिवळ्या, सगळ्यांची आंघोळ होणार, बॉनेटवर झेंडूचे हार चढणार. आणि दरवर्षी याच सुमारास एक प्रश्न येतो, यंदा तर चार जणांनी विचारला: "गाडी जुनी आहे, इंजिनवर बोटभर काळा थर बसलाय. धुवू का? पाणी मारलं तर बंद पडंल का?"

उत्तर आधी देतो. धुवा. नीट धुतली तर बंद पडत नाही. पण धुवायचं कशासाठी, हे आधी ठरवा. चमक हवी असेल तर हा भाग इथेच थांबवला तरी चालेल. जुन्या गाडीचं इंजिन धुवायचं ते तेल नेमकं कुठून गळतंय हे दिसावं म्हणून. आणि गाडीचं पोट, म्हणजे चेसिस, पाटे, अ‍ॅक्सल, हे धुवायचं ते गंज आणि ब्रेकची गळती सापडावी म्हणून. चमक आली तर आली.

हा थर बनतो कसा, ते पाहा. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत पॅकिंग कडक होतात, रबरी सील झिजतात आणि तेल पाझरायला लागतं. धार नाही लागत, नुसतं ओलसर होतं. त्या ओलाव्यावर आपली काळी माती येऊन बसते. ही माती ओली झाली की फुगते, चिकटते आणि पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात पांदण रस्त्याने चालणाऱ्या माणसाच्या चपलेखाली किती माती जमते ते आठवा. तेच गाडीच्या पोटाला होतं. त्यावर कापसाच्या दिवसांत रुई उडते, रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसते. शेतातून गाडी नेली की पऱ्हाटीच्या काड्या खाली अडकतात. उंदीर बॉनेटखाली कापूस आणून घर करतात, ही तर घरोघरची गोष्ट. आता तेल, कापूस आणि सुकी काडी हे तिन्ही तापलेल्या सायलेन्सर पाइपाजवळ ठेवा. कुठल्याही आजीला विचारा, चूल पेटवायला आणखी काय लागतं?

आमच्या घरचं उदाहरण सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल. दारव्ह्याकडच्या आमच्या गावी २००९ ची टाटा सुमो आहे. (सुमो हे नाव टाटांच्या सुमंत मुळगावकरांच्या नावातल्या 'सु' आणि 'मो' या अक्षरांवरून आलंय, जपानी पैलवानांचा काही संबंध नाही. माहीत नसलेल्यांसाठी सांगून ठेवलं.) खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. ते संपलं की आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून कारसाठी ही फी सहाशेवरून पाच हजार झाली, वर पर्यावरण कर. त्यामुळे घरात चर्चा सुरू होती: पैसे घालायचे, की गाडी काढून टाकायची?

त्यातच इंजिन आणि गेअरबॉक्सच्या जोडावरून तेल टपकत होतं. एका मिस्त्रीने खाली वाकून टॉर्च मारली आणि म्हणाला, "भाऊ, मागचं सील गेलं. गेअरबॉक्स उतरवा लागते." खर्च सांगितला अठरा हजार. बाबा म्हणाले, "मंग इकूनच टाकू." ती गाडी गेली तर आईला डायलिसिससाठी यवतमाळला आठवड्यातून दोनदा न्यायचं कसं, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही. पण सगळ्यांच्या डोक्यात तोच होता.

मी म्हटलं, थांबा, आधी धुवू. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आमच्याकडे एक साधी सवय असते: जुने लॉग साफ करा, प्रोग्रॅम परत चालवा आणि पहिली चूक कुठे दिसते ते पाहा. शेवटची नाही, पहिली. पंधरा वर्षांच्या काळ्या थरात पहिली चूक दिसतच नाही, सगळंच ओलं दिसतं. आम्ही एका रविवारी इंजिन धुतलं, दिवसभर उन्हात वाळवलं, दारव्ह्याला जाऊन परत आलो आणि बॉनेट उघडलं. मागचं सील कोरडं होतं. तेल येत होतं सगळ्यात वरून, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून. तिथून इंजिनच्या पाठीवरून ओघळायचं आणि नेमकं गेअरबॉक्सच्या जोडावर येऊन टपकायचं. पॅकिंग बदललं, मजुरीसकट हजाराच्या आत काम झालं. मिस्त्री खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्या थरात कोणालाही तसंच दिसलं असतं. तेल वरून खाली येतं आणि गाडी चालू असताना वाऱ्याने मागे सरकतं. त्यामुळे ते जिथे टपकतं, तिथूनच गळत असतं असं नाही.

आता करायचं कसं ते सांगतो. सगळ्यात पहिलं काम ब्रशचं नाही, मोबाइलचं. धुण्याआधी फोटो काढा. वरून, बाजूने, आणि मोबाइल हातात धरून गाडीखाली सरकवून व्हिडिओ. टॉर्च लावून. गाडी रात्रभर जिथे उभी असते तिथे एक जुना पुठ्ठा टाका आणि सकाळी डाग पाहा. काळं आणि पातळ असेल तर इंजिन ऑइल. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गेअर ऑइल. लालसर असेल तर बहुतेक पॉवर स्टिअरिंगचं. हिरवट पाणी असेल तर कूलंट.

आणि चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून नक्की पाहा. तिथे ओल दिसली, हाताला निसरडी लागली, आणि आजूबाजूचा रंग फुगलेला किंवा सोललेला असेल, तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. हे धुण्याआधीच पाहायचं, कारण ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. इंजिन ऑइलचा डाग एका धुण्याने पूर्ण जात नाही, ब्रेक ऑइलचा मात्र स्वच्छ निघून जातो. म्हणजे तुम्ही गाडी चकाचक करता आणि सगळ्यात धोक्याची खूण स्वतःच्या हाताने पुसून टाकता. अशी ओल दिसली तर धुणं बाजूला ठेवा आणि आधी मिस्त्री गाठा.

आता लावायचं काय? आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या डिझेल मारतात. कॉम्प्रेसरला गन लावून इंजिनवर डिझेलचा फवारा, मग पाणी. थर सुटतो, खोटं नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, गाडीतलं सगळं रबर सारखं नसतं. डिझेलची नळी डिझेल सहन करते. पण कूलंटचे होज पाइप, ब्रेकची रबरं आणि इंजिन ज्यावर बसतं ती फाउंडेशनची रबरं पेट्रोलियम तेलाने फुगतात आणि मऊ पडतात. एका फवाऱ्याने लगेच काही होत नाही, दर दसऱ्याला केलं की होतं.

दुसरी गोष्ट आगीची. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला एखाद्या द्रवाच्या वाफा ठिणगीने भडकू शकतात ते तापमान. भारतीय मानकात रॉकेल आणि डिझेल, दोन्हींचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा अशी अट आहे. मे महिन्यात यवतमाळचं तापमान चाळिशीच्या वर असतं. म्हणजे सावलीत ठेवलेली बादलीसुद्धा त्या आकड्याच्या पुढे जाऊ शकते. आणि फवारा उडवला की बारीक थेंब त्याहून लवकर पेटतात. बॅटरीची एक ठिणगी पुरते. पेट्रोलबद्दल तर बोलायलाच नको, ते शून्याच्या खाली चाळीस अंशालाही पेटायला तयार असतं.

म्हणून पाण्यात मिसळणारं डिग्रीजर घ्या. स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. बाटलीवर लिहिलंय तेवढंच पातळ करा. थर पातळ असेल तर भांड्यांचं लिक्विड आणि कोमट पाणीही चालतं. कॉस्टिक सोडा मात्र नको. तो ग्रीस कापतो, पण अ‍ॅल्युमिनियमही खातो, आणि खाताना हायड्रोजन सोडतो. मारुती ८०० चं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे.

आणखी एक गोष्ट, जरा गंभीरपणे. घरी फवारणीचा पंप असतोच, म्हणून तोच वापरायचा मोह होतो. करू नका. टाकीत आणि नळीत कीटकनाशकाचा अंश राहतो. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. फवाऱ्याचे बारीक थेंब श्वासावाटे आणि कातडीतून आत जातात, हे आपल्याला कोणी वेगळं शिकवायला नको. वीस-तीस रुपयांची स्प्रे बाटली घ्या, हातमोजे घाला, नाकावर कापड आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. गाडीखाली झोपून काम करताना तर सगळं तोंडावरच पडतं.

इंजिन गार असताना सुरू करा. कोमट चालेल, तापलेलं नाही. तापलेल्या एग्झॉस्टवर गार पाणी पडलं तर लोखंडाला चीर जाऊ शकते, आणि डिग्रीजर काम करण्याआधीच सुकून जातं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड आणि पेट्रोल गाडी असेल तर डिस्ट्रिब्यूटर, यांवर पॉलिथिनच्या पिशव्या घालून रबर लावा. डिपस्टिक आणि ऑइलचं झाकण घट्ट आहे ना ते पाहा. किती पिशव्या बांधल्या ते मोजून ठेवा, हसू नका. एक पिशवी आत राहिली आणि पंख्याच्या पट्ट्यात गेली की मग कळतं.

सुरुवात पाण्याने नाही, कोरड्याने करा. लाकडी पट्टी किंवा प्लास्टिकचं जुनं उलथनं घ्या आणि जाड थर खरवडून खताच्या रिकाम्या गोणीत पाडा. या कामाला वेळ लागतो, कंटाळा येतो, पण निम्म्याहून जास्त घाण इथेच निघते. जितकी कोरडी निघेल तितकं पाणी आणि डिग्रीजर वाचतं. पाणी वाचवायचं का, हे यवतमाळकरांना सांगू का? २०१८ मध्ये निळोणा आणि चापडोहने तळ गाठला होता, तेव्हा गाडी काय, माणसं धुवायलाही पाणी नव्हतं.

मग डिग्रीजर मारा आणि पाच-दहा मिनिटं थांबा, पण सुकू देऊ नका. रंगाचा जुना ब्रश, कोपऱ्यांसाठी दातांचा ब्रश. घासा, आणि मग मगाने किंवा साध्या पाइपने पाणी सोडा. प्रेशरची गन इंजिनवर जवळून मारायची नाही. तो दाब पाण्याला सीलच्या आत, बेअरिंगमध्ये, वायरच्या जोडात ढकलतो. वॉशिंग सेंटरवर नेलीत तर तिथल्या पोराला आधीच सांगा, "दादा, बॉनेटमध्ये लांबून आणि हळू मार." तो ऐकतो. रेडिएटरच्या जाळीवर तर हळूच, नाहीतर पातळ पत्र्या वाकतात. रुई आतल्या बाजूने बाहेर ढकलायची, बाहेरून आत नाही.

आता पोट. पहिला नियम: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. कधीच नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. रॅम्प असेल तर उत्तम. नाहीतर सपाट जमिनीवर चाकांना दगड लावून, खाली घोड्या ठेवून मगच जा. खरं सांगायचं तर पोटाचं काम वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवरच करा, शे-दोनशे जास्त गेले तरी. पाणी मारायचं काम त्यांना द्या, पाहायचं काम स्वतः करा.

इथे मातीच मुख्य शत्रू. चाकांच्या कमानीच्या आत, पाट्यांच्या मध्ये, चेसिसच्या पोकळ लोखंडात ती जाऊन बसते. पोकळ भागांना खाली छोटी भोकं असतात, पाणी निघून जायला. ती मातीने बुजतात आणि आत ओल राहते. तारेने ती मोकळी करा. मागच्या सीटवर खताच्या गोण्या वाहत असाल तर चटईखालचा पत्राही पाहा. पोटॅश म्हणून आपण जे वापरतो ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं. त्यातला क्लोराइड ओल मिळाली की लोखंड भराभर खातो. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब, तरी खारी हवा आपण गोणीत भरून गाडीत आणतो! धुऊन वाळल्यावर संशयाच्या जागी स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. नुसता गंज असेल तर खरवड निघते. टोक आत गेलं तर पत्रा संपला, तिथे वेल्डिंगवाला लागेल.

रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करायचं असेल तर याच वेळी चेसिस नंबर शोधून साफ करून ठेवा. आरटीओच्या कामाला नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासलेला छाप लागतो. ग्रीसच्या थरावर छाप उमटत नाही, मग ऐनवेळी लोक ग्राइंडर घेऊन धावतात. ग्राइंडर किंवा तारेची चकती नंबरवर अजिबात लावू नका, अक्षरं पुसट झाली तर नंबर खोडल्याचा संशय येतो. डिग्रीजर, कापड, हलका हात. बस.

धुऊन झालं की पिशव्या काढा, मोजा, बॅटरी जोडा. बॉनेट उघडं ठेवून पंधरा-वीस मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवा. जुनी ओम्नी किंवा ८०० मिसिंग मारायला लागली तर घाबरू नका. इंजिन बंद करून डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढा आणि आतून कोरड्या कापडाने पुसा. रस्त्यावर नेण्याआधी अंगणातच दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहा, ओले ब्रेक पहिल्यांदा नीट लागत नाहीत. आणि ग्रीस गन फिरवा. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, पाट्यांच्या पिना, जिथे जिथे ग्रीस निप्पल आहे तिथे. कारण आपण घाणीबरोबर कामाचं ग्रीसही धुऊन टाकलेलं असतं. हे न केल्यामुळेच "धुतल्यापासून गाडी कुचकुच करते" अशी तक्रार येते.

पोटाला जळकं ऑइल मारून घेऊ नका. स्वस्त वाटतं, पण तेच पुन्हा माती धरतं, आणि रबरांचं काय होतं ते मघाशी सांगितलं. अंडरकोटिंग करायचं असेल तर दोन दिवस कडक उन्हात वाळू द्या आणि गळती दुरुस्त झाल्यावरच करा. ओल्या गंजावर कोटिंग म्हणजे जखमेवर घाण असताना पट्टी बांधणं.

खरवडलेली घाण आणि तेलकट पाणी विहिरीजवळ, नाल्यात, नदीत नाही. पूस असो, अडाण असो, पैनगंगा असो, गाडी नदीत उभी करून धुणं बंद करा. खाली पत्रा किंवा ताडपत्री अंथरा, वर आरा मशीनवरून आणलेला लाकडाचा भुसा टाका. तेल तो पिऊन घेतो. तो भुसा आणि गोणी ज्या गॅरेजमध्ये जुनं ऑइल गोळा करतात तिथे द्या.

मग तीस एक किलोमीटर गाडी चालवा, आणि आधी काढले होते त्याच कोनांतून परत फोटो काढा. शंकेच्या जागी थोडी टाल्कम पावडर भुरभुरली तर पांढऱ्यावर तेलाची बारीक रेघही उठून दिसते. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओल शोधा. तो फोटो मिस्त्रीला दाखवा. मिस्त्रीशी वाद घालायची गरज पडत नाही, फोटो पाहून तो स्वतःच म्हणतो, "अरे, हे तर वरून येऊन राहिलं."

आणि दसरा-दिवाळीत कोणी जुनी गाडी घ्यायला निघालं असेल, तर हेच उलटं वापरा. पंधरा वर्षांच्या गाडीचं इंजिन शोरूमसारखं चमकत असेल तर खूश होऊ नका. ते काल धुतलंय. मालकाला सांगा, काका, एक फेरी मारून येतो, तुम्हीही चला. यवतमाळहून कळंबपर्यंत जा, या, आणि मग बॉनेट उघडा.

तुमच्या गाडीचं काही विचारायचं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. आणि फोटो पाठवणार असाल तर धुण्याआधीचा पाठवा.